शिंकांचा माग काढणारा डॉक्टर

पावसाळा ओसरला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, आरे वसाहतीत आणि मुलुंडच्या डोंगरउतारांवर गवत तुऱ्यावर येते. त्याच सुमारास उपनगरांतील काही घरांत सकाळी शिंकांचे सत्र सुरू होते. डोळे चुरचुरतात, नाक वाहते आणि काहींचा दमा उसळतो. अशा रुग्णाच्या हातावर अंधेरी किंवा घाटकोपरच्या एखाद्या दवाखान्यात निरनिराळ्या द्रावणांचे थेंब ठेवून सुईने हलकेच टोचले जाते. पंधरा-वीस मिनिटांत जेथे गांध उठते, तेथे अॅलर्जीचे कारण दडलेले असण्याची शक्यता असते. या साध्या चाचणीचे मूळ एकोणिसाव्या शतकातील एका ब्रिटिश डॉक्टरच्या हातावर सापडते. त्यांचे नाव डॉ. चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली.

ब्लॅकली यांचा जन्म १८२० साली इंग्लंडमधील बोल्टन येथे झाला. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांनी तरुणपणी छपाई आणि नक्षीकोरणीच्या व्यवसायात उमेदवारी केली. दिवसा काम आणि संध्याकाळी अभ्यासवर्ग, असा त्यांचा क्रम होता. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मदर्शकाची गोडी त्यांना याच काळात लागली. वयाच्या पस्तिशीत, १८५५ साली, बस्तान बसलेला व्यवसाय सोडून ते वैद्यकशास्त्राकडे वळले. कापडगिरण्यांमुळे मुंबईकरांच्या परिचयाचे असलेले मँचेस्टर ही त्यांची कर्मभूमी ठरली. तेथे त्यांनी होमिओपॅथीचा व्यवसाय थाटला.

उन्हाळ्यात नाक-डोळ्यांतून पाणी गळण्याचा विकार त्यांना स्वतःलाच होता. या विकाराचे पहिले पद्धतशीर वर्णन डॉ. जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली स्वतःच्या लक्षणांवरून केले होते. परंतु कारणाविषयी एकवाक्यता नव्हती. कोणी उष्म्याला दोष देई, कोणी ओझोनला, कोणी धुळीला, तर कोणी वाळलेल्या गवताच्या वासाला. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांना तर नाकात सापडलेल्या सूक्ष्मजीवांचा संशय होता.

ब्लॅकली यांना धागा मिळाला तो योगायोगाने. घरातील फुलदाणीत ठेवलेला गवताच्या तुऱ्यांचा गुच्छ हलला, परागकणांचा बारीक धुरळा उडाला आणि त्यांना शिंकांनी घेरले. मात्र एका प्रसंगावरून निष्कर्ष काढण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १८५९ पासून पुढे अनेक वर्षे त्यांनी एकेका संशयिताची कसून तपासणी केली. गवताला सुवास देणारे कुमारिन, बेन्झोइक आम्ल आणि ओझोन त्यांनी स्वतः हुंगून पाहिले. त्यांपैकी एकानेही तो विकार उत्पन्न होईना. परागकण नाकात, डोळ्यांत किंवा ओठांवर लावताच मात्र लक्षणे उमटत. प्रयोगकर्ता आणि रुग्ण एकच असल्याने प्रत्येक यशस्वी प्रयोगाचा अर्थ स्वतःला होणारा त्रास असाच होता.

१८६५ साली त्यांनी हाताची त्वचा किंचित खरवडून तीवर ओलसर परागकण ठेवले आणि पट्टी बांधली. तुलनेसाठी दुसरीकडे तशीच खरवडलेली जागा परागकणांविना झाकली. काही मिनिटांतच परागकणांखालची त्वचा खाजू लागली आणि फुगून आली; दुसरी जागा शांत राहिली. आधुनिक त्वचाचाचणीचा पाया त्या दिवशी घातला गेला. तुलनेची ती कोरी जागा आजच्या चाचणीतही मिठाच्या पाण्याच्या थेंबाच्या रूपाने कायम आहे.

हवेत परागकण किती असतात, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या ते रोज माणसाच्या श्वासाच्या उंचीवर मोकळ्या हवेत ठेवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजत. पाऊस पडला की संख्या घटे आणि त्यांचा त्रासही उतरे. पुढे त्यांनी पतंगांना काचपट्ट्या बांधून त्या हजार फुटांहून अधिक उंचीवर पाठवल्या. तेथेही परागकण सापडले. शेतापासून दूर राहणाऱ्या शहरवासीयालाही त्रास का होतो, याचे उत्तर त्यातून मिळाले.

हे सारे संशोधन १८७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. चार्ल्स डार्विन यांनी त्याची दखल घेतली आणि दोघांत पत्रव्यवहार झाला. वैद्यकीय जगताने मात्र पुरेसे लक्ष दिले नाही. सूक्ष्मजंतूंच्या शोधांचा तो काळ होता आणि ब्लॅकली यांचा होमिओपॅथीशी असलेला संबंधही आड आला असावा. त्याहून मोठे शल्य वेगळेच होते. खरवडलेल्या त्वचेवर परागकण वारंवार लावून स्वतःची संवेदनशीलता कमी करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. कारण सापडले, उपाय सापडला नाही. १९०० साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १९११ साली, लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील डॉ. लिओनार्ड नून यांनी ते कोडे सोडवले. गवताच्या परागकणांच्या अर्काचे वेगवेगळ्या तीव्रतेचे थेंब रुग्णाच्या डोळ्यांत घालून ते त्याची संवेदनशीलता मोजत. त्या मोजमापावर इंजेक्शनची मात्रा ठरवून ती हळूहळू वाढवली जाई. मात्रा अवाजवी झाली तर त्रास वाढतो, हेही त्यांनी ओळखले. निदानाने उपचाराला वाट दाखवली ती अशी. क्षयाने नून १९१३ सालीच गेले. त्यांचे सहकारी डॉ. जॉन फ्रीमन यांनी ते काम पुढे नेले. या प्रतिक्रियेमागील 'आयजीई' हे प्रतिपिंड शास्त्रज्ञांच्या हाती लागले ते १९६० च्या दशकात.

आजची इम्युनोथेरपी साधारणतः तीन ते पाच वर्षे चालते. इंजेक्शननंतर क्वचित गंभीर प्रतिक्रिया येऊ शकत असल्याने रुग्णाला अर्धा तास दवाखान्यात थांबवले जाते. एवढी दीर्घ वाटचाल चुकीच्या निदानावर उभी राहिली तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात. त्वचेवर गांध उठली म्हणजे तोच पदार्थ आजाराचे कारण ठरतो असे नाही; लक्षणे कोणत्या ऋतूत आणि कोठे उद्भवतात, याच्याशी तिचा मेळ बसावा लागतो. युरोपातील झाडांच्या यादीवरून मुंबईकराची परीक्षा होऊ शकत नाही. शिवाय दमट हवेच्या या शहरात धुळीतील माइट आणि भिंतींवरची बुरशी हेही गुन्हेगार असू शकतात.

रस्त्यावर सडा घालणाऱ्या गुलमोहराला दोष देणे सोपे असते. पण त्याचे जड परागकण कीटक-पक्ष्यांमार्फत जातात. वाऱ्यावर स्वार होणारे गवताचे कण डोळ्यांना दिसतही नाहीत. जे दिसते त्यावर ठपका न ठेवता जे सिद्ध होते तेच मानावे, हा ब्लॅकली यांच्या आयुष्याचा धडा आहे. उपनगरातील दवाखान्यात हात पुढे करणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कामी तो आजही येतो.