अभ्यासयोगी भातखंडे
लखनऊच्या छावणीत रोजच्या कवायतीने सैनिक घडतो. त्याच नगरीतील एक विद्यालय रोजच्या स्वराभ्यासाने गायक घडवीत आले आहे. त्याचे प्रवर्तक पंडित विष्णु नारायण भातखंडे. १८६० च्या जन्माष्टमीस वाळकेश्वरी, मुंबईस ते जन्मले. प्रपंचासाठी वकिली, चित्त मात्र संगीतात. १९०० साली पत्नी व १९०३ साली कन्या निवर्तली. तरी शोक आवरून १९०४ मध्ये ते संगीतशोधार्थ दक्षिणेस निघाले. उस्तादांपुढे शिष्यभावाने बसून मिळविलेल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरविल्या. त्यांतून क्रमिक पुस्तकांचे सहा भाग झाले. १९२६ मध्ये हे विद्यालय निघाले. १९३६ साली पंडितजी निवर्तले. त्यांनी लावलेला नेम तेथे अद्याप चालू आहे. गृहस्थानेही नित्य थोडे, परंतु न चुकता करावे.