पालगडचा श्याम

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण वडिलांच्या काळात कर्जापायी वैभव लयाला गेले. आई यशोदाबाई १९१७ साली वारली, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. पुढे १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९४७ चे पंढरपूरचे उपोषण सर्वांना ठाऊकच आहे. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली.

मला ते भेटतात नाशिकच्या तुरुंगात. फेब्रुवारी १९३३ मध्ये दिवसा काम करून रात्री लिहीत अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग पुरा केला. भांडवल एकच, आठवणी. स्वतःला त्यांनी श्याम म्हटले. मला वाटते, त्या नावाच्या आडोशानेच पोहण्याला भिऊन लपलेला मुलगा त्यांना जगापुढे आणता आला. आणि वसुलीच्या माणसाने दारात केलेला आईचा अपमानही.

डोणगावी सुटीत मी हे पुस्तक माझ्या निरक्षर आईला वाचून दाखविले. पोहण्याच्या प्रसंगाला ती हसली. वसुलीचा प्रसंग मात्र तिने पुन्हा वाचायला लावला. आमच्याही ओट्यावर अशी एक संध्याकाळ येऊन गेली आहे. या अंकासाठी ती लिहायला मी दोनदा बसलो, दोन्ही वेळा कागद फाडला. आता मुलाचे नाव बदलून पाहणार आहे.