राम गणेश गडकरी

मराठी रसिकांना पोट धरून हसविणारे आणि त्याच लेखणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारे नाटककार म्हणजे राम गणेश गडकरी होत. त्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. पुढे धाकटा भाऊही गेला. घरच्या दारिद्र्यामुळे शालेय शिक्षण पुरे व्हावयास एकोणिसावे वर्ष उजाडले. नंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. परंतु गणिताने दगा दिला आणि शिक्षण सुटले.

गडकरी खचले नाहीत. किर्लोस्कर नाटक मंडळीत ते मुलांना शिकवू लागले आणि तेथेच त्यांना रंगभूमीची गोडी लागली. विनोदी लेखक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनी गुरुस्थानी मानले. कवितेसाठी त्यांनी ‘गोविंदाग्रज’, म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ, हे नाव घेतले, तर विनोदी लेखांसाठी ‘बाळकराम’.

बाळकरामाचे जग मोठे विलक्षण आहे. तेथे कवी कारखान्यात तयार होतात आणि मुलीच्या लग्नासाठी लढाईप्रमाणे मोहीम निघते. ‘प्रेमसंन्यास’ नाटकातील विसरभोळा गोकुळ आठवणीसाठी उपरण्याला गाठी मारतो. पण कोणती गाठ कशासाठी, हेच विसरतो! ‘एकच प्याला’मध्ये दारुड्यांचे रीतसर मंडळ भरते. प्रेक्षक खदखदा हसतात. मात्र त्याच दारूने एका सुखी संसाराची राख झालेली पाहून ते सुन्न होतात. असंभाव्य कल्पनेतून सत्य दाखविणे, हे या विनोदाचे मर्म होय.

स्वतःचे शिक्षण अपुरे राहिले, तरी दुसऱ्याच्या विद्येचे त्यांना अपार कौतुक होते. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, रोहे येथे बालपण गेलेले चिंतामण देशमुख १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले. तेव्हा गडकऱ्यांनी त्यांच्या गौरवार्थ कविता लिहिली. हेच देशमुख पुढे भारताचे अर्थमंत्री झाले.

अखेरीस क्षयाने गडकऱ्यांना ग्रासले. देह झिजत होता, पण लेखणी थांबली नाही. नागपूरजवळील सावनेर येथे अंथरुणावर असतानाच त्यांनी ‘भावबंधन’ हे हास्याने भरलेले नाटक पुरे केले. त्यानंतर थोड्याच अवधीत, २३ जानेवारी १९१९ रोजी, त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस होते. महिन्याभरातच बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. तो प्रयोग पाहण्यास गडकरी मात्र नव्हते. ‘भावबंधन’मधील कामण्णाच्या भूमिकेने दिनकर ढेरे यांना एवढी कीर्ती मिळवून दिली, की लोक त्यांना दिनकर कामण्णा म्हणूनच ओळखू लागले.

दुःखाने ज्यांची पाठ कधी सोडली नाही, त्या गडकऱ्यांनी महाराष्ट्राला हास्याचा अमोल ठेवा दिला.