कै. कामराज आणि शाळेतील पंगत

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून बहुधा आपापल्या ज्ञातीतील थोर पुरुषांचीच चरित्रे दिली जातात, आणि ते योग्यही आहे. या अंकात मात्र दूरच्या तमिळ प्रांतातील एका पुरुषाचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींच्या हाती देण्याचे आम्ही योजिले आहे. त्याचे कारण असे की, हे गृहस्थ ज्या शाळेत शिकले ती ज्ञातीच्या मुष्टिफंडावर चालत होती. आणि पुढे राज्याची सूत्रे हाती आल्यावर त्यांनी शाळेतील गरीब मुलांसाठी चूल पेटविली ती ज्ञातीची मर्यादा ओलांडून.

कुमारस्वामी कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी मदुराईच्या दक्षिणेस विरुधुनगर येथे नाडर ज्ञातीत झाला. ताडमाडांवर चढून ताडी काढणे हा या ज्ञातीतील पुष्कळांचा परंपरागत व्यवसाय. देवळाचे दार त्यांना बंद होते. कमुदी येथील देवालयप्रवेशाचा त्यांचा दावा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ साली तेथेही निकाल त्यांच्या विरुद्धच लागला. अशा स्थितीत विरुधुनगरच्या नाडर व्यापाऱ्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी आपल्या व्यापारावर स्वतःच एक लहानशी पट्टी बसविली आणि तिच्या उत्पन्नातून सार्वजनिक कामे उभी केली. क्षत्रिय विद्याशाला ही त्यांची शाळा. घरोघरच्या स्त्रिया स्वयंपाकाचे तांदूळ घेताना त्यांतून एक मूठ शाळेसाठी बाजूला ठेवीत. कामराज या शाळेचे विद्यार्थी.

त्यांच्या बालपणाची एक हकीकत सांगतात. गणेशचतुर्थीस शाळेत सर्व मुलांकडून सारखीच वर्गणी घेतली गेली. पण प्रसाद वाटण्याच्या वेळी जी मुले ढकलाढकली करून पुढे घुसली त्यांच्या पदरात पुष्कळ पडले, आणि मागे उभ्या राहिलेल्या कामराजांच्या हाती चिमूटभर आले. घरी आजीने विचारले तेव्हा त्यांचे म्हणणे एवढेच होते की, वर्गणी सर्वांकडून सारखी घेतली असता प्रत्येकास सारखे मिळते की नाही हे पाहणे गुरुजींचे काम होते. थोर पुरुषांच्या अशा बालकथा मागाहून रचल्या जातात हे आम्ही जाणतो. तरीही ही कथा येथे देण्याचा मोह आवरत नाही, कारण त्यांच्या पुढील कार्याचे सारे बीज तीत आहे.

वडील नारळाचे व्यापारी; कामराज सहा वर्षांचे असतानाच ते वारले. मुलाची शाळा लवकरच सुटली आणि तो मामाच्या कापडदुकानात बसू लागला. १९१९ च्या जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर ते काँग्रेसच्या कार्यात पडले. सर्व मिळून सुमारे नऊ वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. १९४२ च्या लढ्यातील त्यांच्या स्थानबद्धतेचा काही काळ आपल्या वऱ्हाडात, अमरावतीच्या तुरुंगात गेला. ते अविवाहितच राहिले.

एप्रिल १९५४ मध्ये ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पूर्वीचे मुख्यमंत्री राजाजी यांनी १९५३ साली एक शिक्षणयोजना आणली होती. मुलांनी अर्धवेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा, असे तिचे स्वरूप होते. ताडी काढणाऱ्याच्या मुलाने ताडावरच चढावे असा तिचा अर्थ लोकांनी घेतला. कामराजांनी ती योजना रद्द केली आणि गावोगाव नव्या शाळा काढण्याचा सपाटा लावला. परंतु शाळा निघाली म्हणून मूल येते असे नाही. एका रेल्वे फाटकाशी त्यांची मोटार थांबली असता गुरे राखणाऱ्या पोराला त्यांनी शाळेत का जात नाहीस असे विचारले आणि त्याने उलट, तेथे जेवायला मिळेल काय, असे विचारले, अशी कथा तमिळ मुलखात सर्वतोमुखी आहे. गुरे राखल्यावर संध्याकाळी जे काही पोटात पडते, ते शाळेत जाऊन कोण देणार, हा त्या प्रश्नातील हिशेब अगदी चोख होता.

मुलांना शाळेत जेवू घालण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. मद्रास महापालिकेने १९२० साली सर पी. त्यागराय यांच्या पुढाकाराने एका शाळेत तो प्रयोग करून पाहिला होता. पण तो टिकला नाही. कामराजांनी १९५६ साली कवी भारतींच्या जन्मगावी, एट्टयपुरम येथे, या कार्याचा आरंभ केला तो लोकांच्या देणगीवर. पैसा कोठून आणणार ही अधिकाऱ्यांची अडचण होती; प्रसंगी गावोगाव भिक्षा मागण्याचीही आपली तयारी असल्याचे त्यांनी सांगितले असे म्हणतात. पुढे सरकारने वाटा उचलला. दर मुलामागे जेवणाचा खर्च १० पैसे धरून त्यांतील ६ पैसे सरकारने आणि ४ पैसे गावाने द्यावयाचे. म्हणजे विरुधुनगरची ती तांदळाची मूठच आता सरकारी हिशेबाच्या वहीत चढली! १९६१ पासून केअर या अमेरिकन संस्थेकडून दूधपावडर व तेल येऊ लागले.

या योजनेत उणीव नव्हती असे नाही. ज्या गावाची ४ पैसे देण्याची ऐपत नाही, तेथील मुलेच अधिक भुकेली असणार. आणि जेवण वर्षातून सुमारे २०० दिवसच. मागे उभ्या राहणाऱ्या मुलाचा वाटा अजून पुरता पडला नव्हता. तरीही ताडी काढणाऱ्यांची, गुराख्यांची आणि हरिजनांची मुले एका ओळीत बसून एकाच भांड्यातील अन्न जेवू लागली, ही गोष्ट देवळाच्या दाव्यातील निकालाहून मोठी झाली असे आम्हांस वाटते.

१९६३ साली पक्षकार्यासाठी त्यांनी मुख्यमंत्रिपद आपण होऊन सोडले. १९६७ मध्ये विरुधुनगरातच एका तरुण विद्यार्थी नेत्याने त्यांचा पराभव केला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. १९७६ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

त्यांच्या मागे पंगत वाढत गेली. १९८२ साली मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी ती बालवाडीच्या मुलांपर्यंत नेली, तीही गावाच्या देणगीची वाट न पाहता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने देशभर योजना सुरू केली. पण पुष्कळ राज्ये नुसते धान्य वाटीत. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेलेच अन्न द्यावे असा आदेश दिला आणि २००४ साली, दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण बंद ठेवू नये, असेही बजावले. २०२२ पासून तमिळनाडूत प्राथमिक शाळांतील मुलांना सकाळची न्याहारीही मिळू लागली, आणि १५ जुलै २०२४ रोजी, कामराजांच्या जन्मदिनी, ती ग्रामीण भागातील अनुदानित शाळांपर्यंत पोहोचली.