एरेनबेर्ग आणि चकमकीतील काटेरी गोल
स्वामीमलैचे स्थपती मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाचा लेप चढवितात. मेण वितळते, साचा फोडला जातो. उरते ती दोहोंच्या खुणा वागविणारी पंचलोहाची मूर्ती. उत्तरेस अरियलूरच्या क्रिटेशस खडकांत मिळणाऱ्या डायनोफ्लॅजेलेट जीवांच्या पुटींची कथा याहून फार निराळी नाही. एकपेशी जीवाचे बाह्य कवच कुजते, आत घडलेली चिवट पुटी टिकते.

अशा पुटी प्रथम वर्णिल्या त्या ख्रिस्तियान गोटफ्रीड एरेनबेर्ग यांनी. १७९५ साली डेलित्श येथे जन्मलेले हे बर्लिनचे वैद्यकाचे प्राध्यापक. १८२९ साली हुंबोल्ट यांच्यासमवेत ते रशियात हिंडले, पण रमले सूक्ष्मदर्शकापाशीच. १८३० नंतरच्या दशकात चकमकीच्या पातळ चकत्यांत त्यांना काटेरी गोल आढळले. केवळ काट्यांच्या साम्यावरून त्यांनी ते गोड्या पाण्यातील झँथिडियम प्रजातीत घातले. सागरी जीवांची ही पाठवणी भलत्याच घरी झाली! काटे कोणत्या जागी उगवले आहेत, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. अशा पुष्कळ गोलांवरील काट्यांची मांडणी नष्ट कवचाच्या पट्टांशी जुळते, आणि जीव बाहेर पडल्याचे छिद्रही ठरावीक पट्टाच्या जागी असते, हे विल्यम एव्हिट यांनी दाखविले ते १९६१ साली. एरेनबेर्ग १८७६ सालीच निवर्तले होते. त्यांचा नमुनासंग्रह बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे.