जगभरात कोट्यवधी पुस्तकं खपली, पण स्टीग लार्सनला त्यातलं एकही बघायला मिळालं नाही

डॅनियल क्रेगचा ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ बऱ्याच जणांनी बघितला असेल. २०११ चा सिनेमा, बर्फाळ स्वीडन आणि काळ्या कपड्यांतली हॅकर पोरगी लिस्बेथ सॅलँडर. ही पोरगी ज्याच्या डोक्यातून आली तो स्टीग लार्सन. गडी गाजला रहस्यकथांमुळे, पण घडला तो विज्ञानकथांच्या वेडात. आणि गाजला तेव्हा तो जिवंतच नव्हता.

त्याचा जन्म १५ ऑगस्ट १९५४ चा, उत्तर स्वीडनमधल्या शेलेफ्टेहाम्नचा. वडील तिथल्या धातू वितळवण्याच्या कारखान्यात कामाला होते. आर्सेनिकमुळे त्यांची तब्येत बिघडली, नोकरी सुटली आणि आईवडील स्टॉकहोमला गेले. वर्षाचं पोर राहिलं आजोळी, जंगलातल्या छोट्या लाकडी घरात. आईचे वडील सेव्हरिन कट्टर नाझीविरोधी. दुसऱ्या महायुद्धात याच मतांपायी त्यांना छावणीत डांबलं होतं. नातू हे ऐकतच मोठा झाला. आजोबा गेल्यावर, नऊ वर्षांचा असताना तो आईवडिलांकडे उमेओ शहरात आला.

बाराव्या वाढदिवसाला त्याला टाइपरायटर मिळाला आणि पोरगं लिहीत सुटलं. विज्ञानकथांचं वेड तर आधीपासूनच होतं. त्या काळी स्वीडनमध्ये अशा वेड्यांचं एक वेगळंच जग होतं. ते फॅनझिन काढायचे. फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं घरगुती मासिक. मजकूर स्वतः टाईप करायचा, सायक्लोस्टाइल प्रती काढायच्या, पिना मारायच्या, तिकिटं चिकटवून टपालात टाकायच्या. पैसे मिळायचा प्रश्नच नाही, उलट खिशातलेच जायचे.

१९७२ साली स्टीगने एका मित्रासोबत ‘स्फेरेन’ हे पहिलं फॅनझिन काढलं. पुढच्या काही वर्षांत असे तीसेक अंक त्याच्या हातून निघाले. स्वतःच्या कथाही त्यात छापल्या. पुढे तर तो स्कँडिनेव्हियन विज्ञानकथा संघटनेचा अध्यक्ष झाला. चरित्र सांगताना हा भाग बहुतेक जण पोरवयातला छंद म्हणून उरकून टाकतात. पण संपादन, मांडणी, अंक वेळेत काढणं आणि देशभरच्या लोकांशी टपालाने संपर्क ठेवणं हे सगळं तो इथंच शिकला. पुढे तेच कामाला आलं.

१९७२ मध्येच व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या एका सभेत त्याला एव्हा गॅब्रिएलसन भेटली. तीही विज्ञानकथांची चाहती. हिटलरची जर्मनी महायुद्ध जिंकली असती तर काय झालं असतं, ही कल्पना घेऊन फिलिप के. डिक याने लिहिलेली कादंबरी पुढे तिनेच स्वीडिशमध्ये आणली. दोघं बत्तीस वर्षं एकत्र राहिले.

१९७७ मध्ये हा पठ्ठ्या थेट आफ्रिकेतल्या इरिट्रियात गेला. सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीत तो उखळी तोफा चालवायला शिकला होता. तेच त्याने तिथल्या महिला गनिमांना शिकवलं. परतल्यावर स्टॉकहोममध्ये टीटी या वृत्तसंस्थेत ग्राफिक्सच्या कामाला लागला आणि तिथं वीसेक वर्षं राहिला. पगार टीटीचा, पण डोकं मात्र नवनाझींच्या मागावर. कोण पैसा पुरवतो, कोण कुणाला भेटतो, सगळ्याची नोंद. १९९१ मध्ये त्याने अति उजव्या संघटनांवर एका पत्रकार सहकारी महिलेसोबत पुस्तक लिहिलं. १९९५ मध्ये ‘एक्स्पो’ ही संस्था उभी करण्यात तो पुढे होता. तिचं मासिकही याच नावाचं. छापखान्यावर आणि विक्रेत्यांवर हल्ले झाले, तेव्हा १९९६ मध्ये ‘आफ्टोनब्लाडेट’ आणि ‘एक्सप्रेसेन’ या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन दैनिकांनी तो अंक आपल्या अंकासोबत वाटला.

धमक्या तर नेहमीच्याच होत्या. स्वीडनमध्ये लग्न केलं की पत्ता सरकारी नोंदीत उघड होणार, म्हणून स्टीग आणि एव्हाने लग्नच केलं नाही.

रात्री जागून त्याने तीन जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या आणि नॉरस्टेट्स या प्रकाशकाकडे दिल्या. ९ नोव्हेंबर २००४ ला ‘एक्स्पो’च्या ऑफिसची लिफ्ट बंद होती. तो सात मजले जिना चढून गेला आणि हृदयविकाराच्या झटक्याने कोसळला. वय अवघं ५०. पहिली कादंबरी २००५ मध्ये आली. स्वीडिशमध्ये तिचं नाव होतं ‘बायकांचा द्वेष करणारे पुरुष’. इंग्रजीवाल्यांनी ते बदलून टॅटूवर आणलं. २०१५ पर्यंत या मालिकेच्या आठ कोटी प्रती खपल्या होत्या.

पैसा आला आणि वाद सुरू झाला. स्वीडनच्या कायद्यानुसार लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला वारसाहक्क नाही. इरिट्रियाला जाण्याआधी स्टीगने एक मृत्युपत्र केलं होतं, पण त्यात सगळं उमेओतल्या एका कम्युनिस्ट गटाला दिलेलं. साक्षीदारांच्या सह्या नसल्याने तेही बाद. सगळे हक्क वडील आणि भावाकडे गेले. ज्या खबरदारीने एव्हाचा जीव सांभाळला, तिनेच तिचा हक्क घालवला. राहत्या घरातला स्टीगचा अर्धा हिस्सा नंतर तिला मिळाला, पुस्तकांचे हक्क नाहीत. २०१५ मध्ये कुटुंबाच्या परवानगीने डेव्हिड लागरक्रांट्झने चौथी कादंबरी लिहिली, तेव्हा एव्हाने उघड विरोध केला.

२०१० च्या जुलैमध्ये ॲमेझॉनच्या किंडलवर दहा लाख ई-पुस्तकं खपणारा पहिला लेखक म्हणून स्टीगचं नाव झळकलं. त्याच्या महिनाभर आधी स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, देणगीत आलेल्या संग्रहात, त्याच्या दोन विज्ञानकथा सापडल्या होत्या. सतराव्या वर्षी त्या त्याने ‘ज्यूल व्हर्न’ मासिकाला पाठवल्या होत्या. मासिकाने त्या नाकारल्या होत्या.