डॉ. वाल्डेमार हाफकिन

डॉ. हाफकिन यांचा जन्म सन १८६० सालीं ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां त्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली व ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु लस सिद्ध झाली तरी ती पुष्कळ करावयास जागा हवी, आणि लोकांचा विश्वासहि हवा. तरुण आगाखान तिसरे यांनीं आपली खुश्रू लॉज ही हवेली त्या कामास दिली व सर्वांदेखत लस टोचून घेतली. तें पाहून हजारों खोजा लोक पुढें आले. १९०२ सालीं पंजाबांत लस टोचल्यावर १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. त्याचा दोष डॉक्टरांवर आला. १९०७ सालीं ते निर्दोष ठरले. १९३० सालीं ते वारले. परळच्या संस्थेस १९२५ पासून त्यांचें नांव आहे. विद्येस दात्याचा हात लाभला, म्हणूनच ती गोरगरिबांच्या दारीं पोहोंचली.